‘साहेब, जरा हात लावून बघता का?’

परवा एमबीए पहिल्या वर्षाचे पेपर तपासत होतो. ब्लेक आणि माऊटन यांची मॅनेजेरिअल ग्रिड, म्हणजे वरिष्ठाची काम करून घ्यायची पद्धत दाखवणारा तक्ता, पाच मार्क. जवळजवळ सगळ्यांनी आकृती सुरेख काढलेली. आडव्या रेषेवर कामाची काळजी, उभ्या रेषेवर माणसांची, नऊ गुणिले नऊ चौकोन, वर उजव्या कोपऱ्यात, दोन्हींची काळजी पुरेपूर असते तिथे, ‘टीम मॅनेजमेंट’. काहींनी तर दोन रंगांचे पेन वापरलेले. मार्क दिले, गठ्ठा बांधला आणि मग बराच वेळ नुसता बसून राहिलो. या आकृतीचा माणसांच्या जीवाशी काय संबंध आहे, हे या पोरांना कुणी सांगितलेलंच नाही. मलाही माझ्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

28 डिसेंबर 1978. युनायटेड एअरलाइन्सचं 173 क्रमांकाचं विमान अमेरिकेत पोर्टलंडला उतरत होतं. चाकं खाली येताना जोरात धक्का बसला. चाकं नीट लॉक झाली की नाही याची खात्री करायला कॅप्टनने विमान हवेतच घिरट्या घालत ठेवलं, सुमारे तासभर. अनुभवी माणूस. पण त्याचं सगळं लक्ष त्या चाकांवर. इंधन कमी होत चाललंय हे शेजारी बसलेल्यांना दिसत होतं. फ्लाइट इंजिनिअरने आकडे सांगितलेही. पण ‘आत्ता उतरलो नाही तर पडू’ असं ठणकावून कुणी म्हटलं नाही. शेवटी एकेक करत इंजिनं बंद पडली आणि विमान शहराच्या कडेला वस्तीत कोसळलं. 189 पैकी 10 माणसं गेली. त्यात तो फ्लाइट इंजिनिअरही होता.

एनटीएसबी या अमेरिकी तपास संस्थेने या अपघातानंतर जी शिफारस केली, ती मला फार मोलाची वाटते. कॅप्टनना सहभागी व्यवस्थापन, म्हणजे बाकीच्यांना निर्णयात सामील करून घेणं, शिकवा आणि बाकीच्या क्रूला ठामपणे बोलायला शिकवा. दोन्ही एकाच वाक्यात. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली. 1981 मध्ये युनायटेडने वैमानिकांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, आणि तो उभा केला होता याच ब्लेक-माऊटनच्या ग्रिडवर. आज जगभर वैमानिकांना जे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणजे सगळ्या क्रूने एकमेकांचं ऐकून काम कसं करायचं ते, शिकावं लागतं, त्याचं मूळ इथे आहे. 1989 मध्ये याच कंपनीचं डीसी-10 विमान त्याला वळवणारी सगळी हायड्रॉलिक यंत्रणा हवेतच गमावून बसलं आणि अमेरिकेतल्या सू सिटीला आणीबाणीत उतरवावं लागलं. कॅप्टन अल हेन्स यांनी सगळ्यांचं ऐकलं. प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला पुढे बोलावून इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे त्यांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे, त्याच्या हाती दिले. 296 पैकी 184 लोक वाचले. हेन्स पुढे आयुष्यभर त्या प्रशिक्षणाला श्रेय देत राहिले.

आपल्याकडे तीच ग्रिड पाच मार्कांची आकृती होऊन बसली आहे.

याच काळात शार्लट लिंडे या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी अपघातग्रस्त विमानांच्या कॉकपिटमधली संभाषणं शब्दन्‌शब्द तपासली. हाताखालची माणसं वरिष्ठांशी बोलताना वाक्य मवाळ करतात, आणि मवाळ करून मांडलेला मुद्दा तिथेच सुटून जाण्याची शक्यता जास्त असते, असं त्यांना दिसलं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आपली मराठी आठवली. ‘जरा’, ‘बघा’, ‘आपलं सहज’, ‘तुम्हाला योग्य वाटलं तर’, ‘मी काय म्हणतो साहेब’. आपल्याकडे मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही, त्यात गोडवा आहे. पण मशीनसमोर, ऑपरेशनच्या टेबलाजवळ, क्रेनखाली तोच गोडवा घात करतो.

माझ्या डोळ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. शिकवायला लागण्याआधी मी चाकणच्या एका कंपनीत मशीन शॉपला होतो. सेकंड शिफ्ट. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, शाफ्ट चालू होते, सकाळी डिस्पॅच. त्या मशीनवरच्या ऑपरेटरना सगळे अण्णा म्हणायचे. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणायचे. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ते हेडस्टॉकवर, म्हणजे मशीनच्या जॉब फिरवणाऱ्या भागावर, तळहात ठेवून उभे होते. मी जवळून जाताना म्हणाले, ‘‘साहेब, जरा हात लावून बघता का?’’ मी हात लावला. मला काही कळलं नाही. म्हटलं, ‘‘इन्सर्ट बदला आणि चालू द्या.’’ इन्सर्ट म्हणजे कापणाऱ्या हत्याराचं पातं. चहाच्या वेळी त्यांनी परत विचारलं, ‘‘मघाचं ते बघितलं का, साहेब?’’ मी म्हणालो, ‘‘सकाळी मेंटेनन्सला सांगतो.’’

पहाटे क्वालिटीवाल्याने जॉब मोजले. ओव्हॅलिटी बाहेर, म्हणजे गोलाई बिघडलेली. जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलचं बेअरिंग जात आलं होतं. अख्खा लॉट रिजेक्ट. सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, ‘‘मशीनवर कोण होतं?’’ मेमो अण्णांना मिळाला आणि त्यावर सही माझी होती. मी त्या मीटिंगमध्ये उभं राहून ‘यांनी मला दोनदा सांगितलं होतं’ असं म्हणालो नाही. याची खंत आजही आहे. त्यानंतर अण्णांनी मला कुठल्याच मशीनला हात लावून बघायला सांगितलं नाही.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या नर्सेसच्या टीम अभ्यासल्या. चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटं. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे चूक सांगायला कुणी घाबरत नव्हतं. हे वाचताना मला आमच्या शॉपचं रजिस्टर आठवलं. त्या मेमोनंतर ते किती स्वच्छ राहिलं होतं!

आता कुणी म्हणेल, मग शिकवा की लोकांना ठामपणे बोलायला. तेवढ्याने भागत नाही. 22 मे 2010, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर खूप उंचावरून, चुकीच्या पद्धतीने येत होतं. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, असं तीन वेळा सांगितलं. स्पष्ट शब्दांत. कॅप्टनने ऐकलं नाही. विमान धावपट्टी संपवून दरीत गेलं. 158 माणसं गेली, 8 वाचली. चौकशी अहवालात त्या तीन हाकांचा उल्लेख आहे. सहवैमानिकाने स्वतःच विमान वर घेण्याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, असंही त्यात म्हटलं आहे. बोलणाऱ्याने बोलायचं ते बोललं होतं. वरच्या माणसाचा कान तयार नव्हता, आणि त्याच्यापलीकडे जाऊन निर्णय घ्यायचा अधिकार कागदावर धड लिहिलेला नव्हता.

आणि आमच्या कॉलेजांत ‘कम्युनिकेशन’ म्हणजे काय? सेंडर-रिसीव्हरची आकृती, चांगल्या संवादाचे ‘सात सी’, टाय कशी बांधायची, इंग्रजीतून पीपीटी, मॉक इंटरव्ह्यू. माझ्या वर्गात बीड, लातूर, करमाळ्याहून आलेली मुलं आहेत. कट्ट्यावर ती इतकं नेमकं बोलतात की ऐकत राहावं. वर्गात इंग्रजीच्या धाकाने गप्प बसतात, आणि आम्ही शेरा मारतो, ‘कम्युनिकेशन वीक’. मला याची मनापासून चीड आहे. उद्या हीच मुलं कारखान्यात सुपरवायझर होतील. हाताखालचा माणूस त्यांच्याशी मराठीत बोलेल, हिंदीत बोलेल, भोजपुरीत बोलेल. त्याचं म्हणणं ऐकायची परीक्षा आम्ही कधी घेतलेलीच नाही. दाबणं, टाळणं, हे सगळं ती आमच्याकडूनच बघून शिकतात. विद्यार्थ्याने शंका काढली की ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणणारेही आम्हीच.

गेली दोन वर्षं मी वर्गात एक सराव घेतोय. दोघं समोरासमोर, एक रात्रपाळीचा ऑपरेटर, एक साहेब. ऑपरेटरने तीन गोष्टी सांगायच्या: काय दिसतंय, काय होऊ शकतं, काय करायला हवं. साहेबाने उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. भाषा कुठलीही चालेल. मागच्या आठवड्यात एका मुलीने आपलं वाक्य चार वेळा लिहून खोडलं. पहिलं होतं, ‘सर, मला असं वाटतंय की कदाचित आवाज थोडा वेगळा येतोय.’ चौथं होतं, ‘सर, बेअरिंग जातंय. जॉब खराब होतील. मशीन थांबवायला हवं, थांबवते.’

ती ते मोठ्याने, न अडखळता बोलली. समोर साहेब झालेला मुलगा हुशार आहे, वर्गात पहिला येतो. त्याने ऐकलेलं परत सांगितलं, ‘‘म्हणजे बेअरिंगचा प्रॉब्लेम आहे आणि जॉब खराब होऊ शकतात. ठीक आहे, बघून घेतो.’’ थांबवायचं राहिलं होतं. मागच्या बाकावरच्यांच्या सुद्धा ते लक्षात आलं, त्याच्या आलं नाही. मी काही बोललो नाही. ती मुलगीच म्हणाली, ‘‘सर, मी थांबवते म्हणाले.’’ त्याने तिच्याकडे पाहिलं, वही बाजूला ठेवली आणि म्हणाला, ‘‘परत सांग.’’