नीतिमत्तेवर पोट कसं भरावं

एलएल.एम. झालं, सेट निघाली आणि आता शिकवायला कुठला विषय धरावा या विचारात साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा पीत उभे असाल, तर डोळे झाकून वकिलांची व्यावसायिक नीतिमत्ता धरा. फौजदारी कायद्याच्या वाटेला जाऊ नका. १ जुलै २०२४ ला दंडसंहिता जाऊन न्याय संहिता आली आणि तिथल्या मंडळींच्या आयुष्यभराच्या नोट्स एका रात्रीत रद्दीत गेल्या, फसवणुकीचं तोंडात बसलेलं कलम ४२० आता ३१८ झालं. आपल्याकडे ती भीती नाही. वकिलांच्या वागणुकीचे बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, १९७५ चे नियम मोजक्या दुरुस्त्या सोडल्या तर आहेत तसेच आहेत. वागणुकीत तेवढ्याही दुरुस्त्या झालेल्या नाहीत.

अभ्यासक्रमात शिस्तपालन समित्यांची ५० मतं आणि सर्वोच्च न्यायालयाचे १० निकाल आहेत. पोरं पहिल्याच तासाला "सर, आयएमपी कुठले?" विचारतील. रागावू नका, दाभोलकर खटला द्या. मुंबईच्या फौजदारी कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहायचे आणि पक्षकार दिसला की त्याच्यावर झडप घालायचे. वर्ग खूश होतो. त्याहून मजेची गोष्ट पुढं आहे. या वकिलांविरुद्ध अपील करायला बार कौन्सिल 'व्यथित व्यक्ती' ठरते का, हे ठरवायला १९७५ साली सात न्यायमूर्ती बसले. म्हणजे झडपेचं नंतर बघू, आधी कौन्सिलला वाईट वाटलंय का ते सांगा! (वाटलं होतं, असा निकाल आला.) मुख्य म्हणजे हे सगळं मुंबईत घडलं. उदाहरण कायम लांबचं घ्यावं. पुणेसुद्धा जवळ पडतं, तिथं कुणाचा ना कुणाचा मेहुणा निघतोच.

स्थानिक उदाहरण लागलंच तर रामशास्त्री प्रभुणे. क्षेत्र माहुलीचे, म्हणजे आपल्या घरचेच, आणि आता त्यांचा कुणी नातेवाईक संस्थेच्या कार्यकारिणीवर नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावलं, इथपर्यंत आवाज चढवत न्या, टेबलावर हात आपटा आणि थांबा. नंतर शास्त्रीबुवांनी पद सोडलं, ते सांगत बसू नका. तुमची पदोन्नतीची फाईल अजून वर पडलेली असते.

वकिलांना संपाचा अधिकार नाही, हा २००२ चा हरीश उप्पल निकाल शिकवायलाही मुहूर्त लागतो. उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर बेंचसाठी सहा जिल्ह्यांतले वकील कामकाजावर बहिष्कार घालत होते, तेव्हा शहाण्या प्राध्यापकांनी हा निकाल "वेळेअभावी घरी वाचा"मध्ये टाकला आणि आंदोलनाच्या मंडपात जाऊन भाषण केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. आता खुशाल शिकवा, आणि जरा कडक आवाजात.

शोधनिबंध लागतील. घाबरू नका, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ केलं आहे. दुसऱ्या कुठल्या विषयाच्या प्राध्यापकानं ही मुभा वापरली तर ती सवलत, तुम्ही वापरलीत तर संशोधन.

खरी कसोटी वर्गाबाहेर लागते. 'मोफत विधी सहाय्य केंद्र' ही पाटी वाचून पाटणकडची एखादी बाई आत येईल. ही पाटी नॅकच्या मूल्यांकनासाठी लावली होती, हे तिला कोण सांगणार? जमिनीचा दावा आहे, वकील बदलायचाय, पण आधीचे वकीलसाहेब बाकी फी दिल्याशिवाय फाईल सोडत नाहीत. तारीख पुढच्या आठवड्यात. उत्तर तुम्हाला झोपेतही येतं. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय, आणि तुम्ही दरवर्षी त्यावर टीप लिहायला लावता. फक्त वकिलाचं नाव विचारू नका. विचारलंत तर ते परवाच्या तुमच्या कार्यशाळेचे प्रमुख पाहुणे निघतील.

अशा वेळी बार कौन्सिलचा नियम ४९ मदतीला धावतो. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. चेहरा गंभीर करून म्हणा, "ताई, माझी सनद स्थगित आहे. सल्ला देणं माझ्या नीतिमत्तेत बसत नाही." नीतिमत्तेचा याहून सरळ उपयोग उभ्या कारकिर्दीत होणार नाही. फारच वाईट वाटलं तर मुंबईला राज्याच्या बार कौन्सिलकडे वकील कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करायला सांगा. वर्षभरात निकाल लागला नाही, तर कलम ३६-ब प्रमाणे प्रकरण आपोआप दिल्लीला भारतीय बार कौन्सिलकडे जातं, हेही सांगा. ती पुन्हा म्हणेल, "सर, तारीख पुढच्या आठवड्यात हाय." तेव्हा घड्याळाकडे बघा, तासाची वेळ झालेली असते.

ती गेली की मात्र ताबडतोब सगळं लिहून काढा. असा घटनाअभ्यास घरबसल्या रोज चालून येत नाही. बाईला 'पक्षकार अ' म्हणा, वकिलाला 'ब'. परंपरा जुनीच आहे, पक्षकाराच्या वसुलीत स्वतःचा वाटा ठरवणाऱ्या वरिष्ठ वकिलाला १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानंही निकालात नुसतं 'मिस्टर जी' म्हटलं होतं. शेवटी ऋणनिर्देश येतो. त्यात आधी संस्थेचे अध्यक्ष घ्या, मग प्राचार्य, आणि मग बहुमोल मार्गदर्शनाबद्दल, पूर्ण नाव आणि पदव्यांसकट, 'ब'.