कूलंट गळतंय म्हणून रेडिएटरमध्ये हळद? थांबा जरा

सध्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. घरी थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटला वाट देणारी झडप) किंवा होज (रबरी नळी) बदलल्यावर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, हळूहळू कमी होत असेल तर रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाका, क्लिपा गच्च आवळा, आणि कोकणात कुठे बर्फ पडतो, साधं पाणी ओतत राहा. गावातल्या तिघांनी मला तोच पाठवला म्हणून लिहायला बसलो.

आधी हळद. हा ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय आहे, खोटा नाही. रेडिएटरला बारीक भोक पडलंय, आंबा घाटात रात्र झालीय, तर हळद भोकात अडकून कशीबशी साखरप्यापर्यंत गाडी आणेल. पण तुम्ही परवाच स्वतः नट खोललेत ना, मग गळती बहुतेक तुमचा हात लागलाय त्याच सांध्यातून आहे, आणि तिथे हळदीचा भरवसा नाही, उलट ती हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

माझ्या गाडीचं हेच झालं. थर्मोस्टॅट मीच बदलला, नंतर दर आठवड्याला कूलंटच्या बॉटलमधली पातळी बोटभर खाली, आणि खाली फरशीवर एक थेंब नाही! गरम इंजिनवर पडलेला थेंब तिथेच सुकतो हो, मागे फक्त रंगाचा पापुद्रा राहतो. सकाळी गाडी थंड असताना बॅटरी मारून बघितलं तर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगच्या (कव्हरच्या) खाली हिरवट पांढरी रेघ. जुनीच ओ रिंग (सांध्यातली गोल रबरी रिंग) परत बसवलेली आणि बसायच्या जागेवर गंज तसाच. जागा घासून साफ केली, नवीन रिंग लावली, गळती बंद. डोळ्याला दिसत नसेल तर गॅरेजमधून प्रेशर टेस्टर लावून घ्या, रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा असतो तेवढाच दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटं काटा उतरतोय का बघायचं. इंजिन थंडच हवं, गरम असताना झाकणाला हात लावू नका.

क्लिपा आवळायचं म्हणाल तर कंपनीची स्प्रिंगवाली क्लिप होज फुगला आकसला तरी तेवढाच ताण धरते, ती काढून स्क्रूवाली लावली आणि जोर केला की रबर कापतं, होज जिच्यावर चढतो ती प्लास्टिकची मान तडकते. क्लिप मानेवरच्या उंचवट्याच्या मागे बसलीय का तेवढं बघा.

आणि साधं पाणी, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. निम्मं निम्मं मिश्रण साधारण १०७ अंशाला उकळतं, पाणी १०० ला, शिवाय गंज रोखणारी रसायनं त्यातच असतात. आपल्या किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ, ते मीठ अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतं. ओतायचंच तर पंपावर मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, नंतर कूलंटचं प्रमाण नीट करा. आणि पातळी फार खाली गेली तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडून काटा गरम दाखवतच नाही, कुंभार्ली घाट चढताना हे कळायला उशीर होतो आणि तोवर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलेलं असतं.

एक मात्र खरं, प्रत्येक वेळी गळतीच असते असं नाही. भरल्यावर पहिले दोन-तीन दिवस अडकलेली हवा निघते म्हणून पातळी उतरते. आणि एसी चालू असताना गाडीखाली पडतं ते स्वच्छ बिनरंगी पाणी आपल्या दमट हवेत भरपूर असतं, त्याला घाबरू नका.

खरंच कूलंट सांडलं असेल तर लगेच वाळू टाकून उचला. ते चवीला गोड असतं, अंगणातलं मांजर कुत्रं चाटतं, आणि थोडंसं पोटात गेलं तरी किडन्या जातात.