डार्वेनची चिमणी कंपनी सरकारने बांधलेली नाही हो

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आला, या महिन्यात तिसऱ्यांदा. खाली पाच हात जोडलेले इमोजी आणि "जास्तीत जास्त शेअर करा". ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इंग्लंडमध्ये लँकशायरच्या डार्वेन गावात ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याला लुटून इंडिया मिल बांधली, टेकडीवर राणी व्हिक्टोरियाच्या कौतुकाला मनोरा उभारला, मग १९३१ ला गांधीजी त्याच मिलमध्ये गेले, बायकांनी जयजयकार केला आणि विलायती कापडावरच्या बहिष्काराने अख्खं लँकशायर बुडालं. काका, मी ब्लॅकबर्नला राहते, डार्वेन शेजारचंच गाव, त्या टेकडीवर कितीदा चढलेय. म्हणून राहवत नाही.

आधी कंपनी. तिने १८३३ च्या कायद्यानंतर व्यापार गुंडाळला आणि १८५८ ला तिच्याकडून राज्यही गेलं. इंडिया मिलची धुराची चिमणी पूर्ण झाली १८६७ ला. म्हणजे धंदा बंद करून चौतीस वर्षं झालेल्या दुकानाने नवीन गोडाऊन बांधलं म्हणण्यातला प्रकार. मिल बांधली एक्लेस शोरॉक नावाच्या तिथल्याच गिरणीमालकाने. चिमणी ३०३ फूट, धुराडं वाटतच नाही, व्हेनिसच्या सेंट मार्क्सच्या घंटाघराच्या धर्तीवर चौकोनी उभी आणि वर नक्षी. गंमत बघा, व्हेनिसचं ते मूळ घंटाघर १९०२ ला कोसळलं, आज दिसतं ते १९१२ चं, त्यामुळे नक्कल आता अस्सलपेक्षा वयाने मोठी आहे.

पण भारताचा संबंध नाही असं मी म्हणत नाहीये, उलट मेसेजवाल्याने खरा संबंधच सोडलाय. बांधकाम चालू होतं तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस थांबला, लँकशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो लोक बेकार झाले. मग आपला कापूस मागवला, त्याला लँकशायरमध्ये सरसकट "सुरत" म्हणायचे. आखूड धागा, त्यात कचरा, साच्यावर (म्हणजे मागावर) सारखा तुटायचा, आणि मजुरी कापडावर मिळायची त्यामुळे धागा तुटला की पगार तुटला. कामगार सुरतच्या नावाने बोटं मोडायचे. आणि इकडे मुंबईत त्याच कापसाने पैशाचा पाऊस! कापसाचा व्यापारी प्रेमचंद रायचंद, शेअर्सचा सट्टा, समुद्रात भराव घालायला निघालेली बॅकबेची कंपनी, सगळं त्याच चार वर्षांतलं, आणि १८६५ ला युद्ध संपल्यावर धाडकन आपटलं तेही मुंबईतच. यातलं एक वाक्य मेसेजमध्ये नाही.

आता मनोरा. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली त्या निमित्ताचा आहे, नाव पण ज्युबिली टॉवर, तेवढं बरोबर. पण गावात कुणालाही विचारा, आधी माळरानाच्या भांडणाचं सांगतील. जमीनमालकाने शिकारीच्या पक्ष्यांसाठी माळावरच्या जुन्या पायवाटा बंद केल्या, गावकरी ऐकेनात, अडवलं तरी जात राहिले, प्रकरण कोर्टात गेलं, वर्षानुवर्षं चाललं, आणि १८९६ ला माळ लोकांसाठी मोकळा झाला. मनोरा १८९८ चा, तो या जिंकण्याचाही आहे. राणीचं नाव असलं तरी काम जमीनदाराला वाकुल्या दाखवायचं. वर गेलात तर वारा असा की फोन दोन्ही हातांनी धरावा लागतो, २०१० ला तर वाऱ्याने वरचा घुमटच उडवला होता, नंतर नवीन बसवला.

बहिष्काराने लँकशायर बुडालं, हे ऐकायला छान वाटतं, मलाही वाटायचं. पण १९१३ ला इंग्लंडचं साधारण ७०० कोटी यार्ड कापड बाहेर जायचं, त्यातलं ३०० कोटी एकट्या भारतात. मग पहिलं महायुद्ध आलं, जहाजं अडकली, जपानने बाजारात पाय रोवले, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या (साचे आणि सूत कातायच्या चात्या बऱ्याच लँकशायरच्याच, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने जगभर यंत्रं विकली, म्हणजे स्वतःच्या हाताने स्पर्धक उभे केले), आणि भारतात आयात जकातही चढत गेली. १९३० च्या बहिष्काराआधीच ती विक्री निम्म्याहून खाली आली होती. बहिष्काराने दणका दिला, नक्कीच दिला, पण आधीच खचलेल्या भिंतीला. राग काढायचाच असेल तर १८९६ चा साडेतीन टक्के कर आठवा, मुंबईच्या गिरणीतल्या कापडावर लावलेला, का तर लँकशायरच्या कापडाला अडचण नको. तो १९२५ पर्यंत चालला. ही खरी लूट, कागदावरची, पण तिला तीनशे फुटी चिमणी नाही म्हणून कुणी फॉरवर्ड करत नाही.

राहिला मेसेजमधला फोटो. गांधीजी मध्ये, अंगावर शाल, आजूबाजूला हसणाऱ्या गिरणीतल्या बायका. तो इंडिया मिलचा नाहीच, त्याच गावातल्या ग्रीनफील्ड मिलचा आहे, २६ सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते, तेव्हा डेव्हिस नावाच्या गिरणीमालक घराण्याने बोलावलं, की येऊन बघा बहिष्काराने इथे काय झालंय. गेले, राहिले, बेकारांशी बोलले, आणि माफी वगैरे मागितली नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार, आमच्याकडे तीस कोटी लोक अर्धं वर्ष बिनकामाचे, अशा अर्थाचं तोंडावर सांगितलं. त्या बायका बहिष्काराच्या बाजूने होत्या म्हणून हसत नव्हत्या, त्यांच्याच पोटावर पाय आला होता. तरी हसल्या. मला तर हेच भारी वाटतं, जयजयकारापेक्षा किती तरी.

तर काका, मेसेज डिलीट करू नका हवं तर, फोटोखाली फक्त "इंडिया मिल" खोडून "ग्रीनफील्ड" लिहा.