आगगाडी दिली, जकात नेली

दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या आगगाडीची आठवण करून देणारे संदेश फिरू लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ तोच जुना वाद नव्याने पेटतो. एका बाजूने रेल्वे, टपाल, न्यायालये आणि विद्यापीठे यांची यादी वाचून दाखवली जाते. दुसऱ्या बाजूने लुटीचे आकडे पुढे येतात आणि ब्रिटनने भारताला भरपाई द्यावी, असे शशी थरूर यांनी २०१५ साली ऑक्सफर्डमध्ये मांडले त्या भाषणाची चित्रफीत पुन्हा एकदा सर्वांना पाठवली जाते. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली, तेव्हा ती शिवरायांचीच की दुसऱ्या कोणाची, परत मिळाली की उसनी आणली, यावरून महाराष्ट्रात उठलेला धुरळा इथे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या आम्हा मराठी मंडळींच्या घरांतही पोहोचला. मँचेस्टरच्या परिसरात बरीच वर्षे काढल्यावर हे सारे वाचताना मला सतत असे वाटत राहते की दोन्ही पक्ष डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवरून भांडत आहेत, आणि ज्या गोष्टीचा जाब खरोखर विचारायला हवा तिचा फोटो काढता येत नाही म्हणून ती वादातून सुटली आहे. ती गोष्ट म्हणजे जकात, परदेशातून येणाऱ्या मालावरचा कर.

रेल्वेचा मुद्दा आधी उरकून टाकतो, कारण तो जितका ताणला जातो तितका अवघड नाही. १८५३ साली ठाण्याला गेलेल्या गाडीची इंजिने लँकेशायरमधल्या न्यूटन-ली-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत घडली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इंग्रज भागधारकांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती, आणि गाडी तोट्यात चालली तर ती तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातून भरली जात होती. मँचेस्टरला, म्हणजे तिथल्या कापडवाल्यांना, या मार्गांत रस होता तो वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदरावर आणि आपले कापड बाजारपेठेत पोहोचवण्यापुरता. याला दानधर्म म्हणता येणार नाही. पण त्याच वेळी हेही खरे की जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई यांच्यासारख्या मुंबईकरांनी ही रेल्वे यावी म्हणून स्वतः खटपट केली होती, आणि ते काही कोणाचे बाहुले नव्हते.

इथल्या इंग्रजांचाही असाच एक वाद चालू आहे आणि त्याची तऱ्हा आपल्या वादाहून फार वेगळी नाही. मँचेस्टरच्या दक्षिणेला स्टायल गावी क्वारी बँक नावाची सूतगिरणी जतन केलेली आहे. सॅम्युएल ग्रेग यांनी ती १७८४ साली सुरू केली. गिरणीपासून थोड्याच अंतरावर एक घर आहे, ज्यात अनाथालयांतून आणि गरिबांच्या आश्रयगृहांतून आणलेली मुले राहत आणि दिवसभर यंत्रांभोवती राबत. शाळांच्या सहली तिथे येतात, पाणचक्की पाहतात, मुलांच्या हालांबद्दल ऐकून हळहळतात. ग्रेग घराण्याची वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारी मळ्याची मालमत्ता होती, हे मात्र पूर्वी ओझरतेच सांगितले जाई. २०२० च्या सप्टेंबरात नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जतन करणाऱ्या संस्थेने आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहती आणि गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध नोंदवणारा अहवाल काढला, तर केवढा गहजब झाला! आमच्या पूर्वजांना बदनाम करता, अशी ओरड करणाऱ्यांत खासदारही होते. आपल्याकडे इतिहासाच्या नावाने भावना दुखावतात तशा त्या इथेही दुखावतात, फक्त इथे त्या वृत्तपत्रांना पत्र लिहून व्यक्त होतात.

औद्योगिक क्रांतीची जी कथा इथे मुलांना कळते ती सूत कातणाऱ्या यंत्रांची कथा असते: हार्ग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटची पाण्यावर चालणारी चाती, क्रॉम्प्टनचा म्यूल. या माणसांची कल्पकता खोटी नव्हती. पण त्या यंत्रांच्या कितीतरी आधी, १७०० आणि १७२१ साली, लंडनच्या पार्लमेंटने हिंदुस्थानी छापील सुती कापडाची आयात आणि वापर कायद्याने रोखला होता, आणि पुढेही अनेक दशके आपल्या मालावर जबर आयातकर होता, हे या कथेत सहसा येत नाही. संरक्षणाच्या भिंतीआड वाढलेला हा उद्योग मोठा झाल्यावर जगाला खुल्या व्यापाराचा उपदेश करू लागला, आणि मँचेस्टरचे नाव त्या उपदेशाशी कायमचे जोडले गेले.

त्या उपदेशाचे हिंदुस्थानात काय झाले, ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. १८७० च्या दशकात आपल्याकडे आयात कापडावर पाच टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के जकात होती. ती मुंबईच्या गिरण्यांचे रक्षण करण्यासाठी नव्हे, तर तिजोरी भरण्यासाठी होती. तरीही कावसजी दावर यांनी १८५४ साली काढलेल्या कंपनीपासून मुंबईत एकामागून एक गिरण्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने १८७४ साली लंडनला अर्ज केला की ही जकात म्हणजे आमच्यावर अन्याय आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसे मेली. पाठोपाठ अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाले. सरकारी तिजोरीत खडखडाट होता. अशा वेळी, १८७९ साली, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी स्वतःच्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात उठवली. जो माल मुंबईच्या गिरण्या विणत होत्या, नेमक्या त्याच प्रकारच्या मालावरची. उरलीसुरली जकात १८८२ साली गेली, आणि तीही ज्यांचे नाव आपण उदारमतवादी म्हणून आदराने घेतो त्या लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत.

पुढचा अंक याहून वरचढ आहे. १८९४ साली पैशाची चणचण इतकी वाढली की आयात कापडावर पुन्हा जकात बसवणे भाग पडले. लँकेशायर खवळले. लँकेशायरचे मतदारसंघ कोणत्याही इंग्लिश सरकारला दुखावून चालण्यासारखे नव्हते. मग तोडगा असा निघाला की जितकी जकात विलायती मालावर, तितकाच उत्पादन-कर देशी गिरण्यांवर. आणि १८९६ साली दोन्ही बाजूंना साडेतीन टक्के असा हिशेब जुळवण्यात आला. हिंदुस्थानात, हिंदुस्थानी मजुरांनी, हिंदुस्थानी माणसासाठी विणलेल्या कापडावर केवळ बर्न्ली-ब्लॅकबर्न या लँकेशायरच्या विणकर गावांच्या समाधानासाठी कर! मुंबईचे जाडे कापड आणि लँकेशायरचे तलम कापड यांची बाजारात फारशी गाठही पडत नव्हती, त्यामुळे हा कर अखेर गरिबाच्या धोतरावर आणि लुगड्यावर बसला. तो १९२५ पर्यंत चालू राहिला. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१३ साली, सुमारे ३०० कोटी वार ब्रिटिश कापड हिंदुस्थानात उतरत होते, या आकड्यामागे यंत्रांचा वेग आहे तसाच हा कायदाही आहे. रत्ने आणि सिंहासने नेली त्याचा राग मला समजतो. पण माझ्या मते स्वतःची जकात स्वतः ठरवण्याचा अधिकार नसणे हे त्याहून मोठे नुकसान होते, कारण नेलेली वस्तू एकदाच जाते आणि हे नुकसान दरवर्षी होत राहिले.

आता इथवर माझे म्हणणे दुसऱ्या पक्षाला, म्हणजे लुटीची बाजू मांडणाऱ्यांना, पूर्णपणे पटेल. त्यांची अडचण यापुढे आहे. कारण ज्या लँकेशायरने मुंबईच्या गिरण्यांविरुद्ध आरडाओरड केली, त्याच लँकेशायरने त्या गिरण्या उभ्या करून दिल्या. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही कापडयंत्रे बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी होती, आणि तिला मुंबईचे गिऱ्हाईक विणकर गिरणीमालकांच्या भीतीपेक्षा प्यारे होते. इथले कापडवाले आणि यंत्रवाले यांचे हितसंबंध एकमेकांच्या उरावर बसलेले होते. तेव्हा 'इंग्रजांनी' असे म्हणताना कोणत्या इंग्रजांनी, हे विचारावे लागते.

आणि 'आपण' म्हणजे तरी कोण? मँचेस्टरने जकातीबरोबर आणखी एक मागणी लावून धरली होती: मुंबईच्या गिरण्यांना कामाच्या तासांचे बंधन घाला. हेतू उघड होता, मुंबईचा माल महाग पडावा. त्या दबावामुळे १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, एवढीच त्याची मजल होती. एवढ्यानेही गिरणीमालक बिथरले आणि बहुतेक राष्ट्रवादी पत्रांनी त्यांची तळी उचलून हा लँकेशायरचा डाव असल्याचे लिहिले. डाव होताच. पण सत्यशोधक परंपरेतले, 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वेगळी भूमिका घेतली. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या: रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. ज्या पहाटे चारला उठून चाळीतून गिरणीकडे निघणाऱ्या बाईसाठी हे मागितले जात होते, तिला डाव कोणाचा हा प्रश्न नव्हता. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. लोखंडे यांना देशद्रोही ठरवण्याची सोय आजच्या वादपद्धतीत सहज झाली असती.

बर्न्लीजवळ हार्ल साइक येथे क्वीन स्ट्रीट मिल नावाची वाफेवर चालणारी विणकाम गिरणी संग्रहालय म्हणून राखली आहे. तिच्या इंजिनाचे नाव 'पीस'. तिथल्या दालनात तीनशेहून अधिक साचे, म्हणजे यंत्रमाग, ओळीने उभे आहेत, आणि त्यातले थोडेसेच चालवून दाखवले तरी बोललेले ऐकू येत नाही. पूर्वी इथल्या विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी गप्पा मारत. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या बारीक भोकातून सूत ओढण्यासाठी तो तोंडाला लावून श्वास आत घ्यावा लागे, आणि सुताबरोबर धूळ छातीत जाई. माझे चुलते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. घरात चार माणसे शेजारी बसलेली असताना ते समोरच्या इमारतीतल्या माणसाशी बोलावे तसे बोलत. आम्हा मुलांना तो त्यांचा स्वभाव वाटे. ही बर्न्लीची गिरणी मार्च १९८२ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झालेला होता, आणि त्यातून गिरणगाव पुन्हा उठले नाही. त्या गिरण्यांच्या जमिनींवर पुढे जे मनोरे उभे राहिले त्यांचा दोष कोणत्याही व्हाइसरॉयच्या माथी मारता येत नाही.

नुकसानभरपाईची मागणी ऐकली की मला एक व्यावहारिक शंका येते. गुलामगिरी बंद करताना ब्रिटिश सरकारने गुलामांना नव्हे, तर मालकांना दोन कोटी पौंड दिले, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड २०१५ साली झाली. म्हणजे त्यापूर्वी इथे प्राप्तिकर भरणाऱ्या माझ्यासारख्यांच्या पगारातूनही त्या मालकांचे देणे फिटले. १९६० च्या दशकात बोल्टन आणि ब्लॅकबर्नच्या गिरण्यांत रात्रपाळी करायला आलेले गुजराती आणि पाकिस्तानी कामगारही त्या कर भरणाऱ्यांत आले. उद्या सरकारने सरकारला भरपाई द्यायचे ठरले तर तीही याच खिशांतून जाईल.

त्यापेक्षा मागण्यासारखे दुसरे काही आहे. मँचेस्टरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात तिथल्या व्यापारी मंडळाचे दप्तर आहे. मुंबईच्या गिरण्यांचा, जकातीचा आणि कामाच्या तासांचा निकाल लावण्यासाठी कोणी कोणाला काय लिहिले, हे तिथे सापडण्याची शक्यता वाघनखांच्या पेटीपेक्षा कितीतरी जास्त. वाघनखे साताऱ्यात आणण्यासाठी शासनाने जी धडपड केली तिच्या दहाव्या हिश्शाने दरवर्षी दोन-तीन मराठी विद्यार्थी त्या कागदांवर बसवता येतील, आणि त्यांना कोणतीही वस्तू परत मागावी लागणार नाही. ग्रंथालय सर्वांना खुले आहे.