खाटा मोजा, सिस्टर मोजू नका

कोल्हापुरात हॉस्पिटल काढताय? फार उत्तम. गिऱ्हाईक म्हणू नये, पण पेशंटला इथं तोटा नाही. गडहिंग्लज, चंदगड, राधानगरी, खाली सगळं कोकण, पलीकडे निपाणी. मोठं दुखणं आलं की गाडी शेवटी कोल्हापुरातच येऊन थांबते. तुम्ही जागा घेतलीत, सीटी स्कॅनचा हप्ता सुरू झाला, रिसेप्शनला इटालियन मार्बल पडलं. मार्बलवाला पैसे सोडत नाही, बँक हप्ता सोडत नाही, वीज बिलाचं तर नावच नको. सोडणारी एकच, सिस्टर. तेव्हा काटकसर तिथूनच सुरू करायची.

पहिलं काम, खाटा 49 ठेवा. 2016 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की खासगी हॉस्पिटलमधल्या परिचारिकांच्या पगाराचं बघा, समिती नेमा. समिती बसली आणि बसून न राहता तिनं शिफारशीही केल्या. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी सिस्टरएवढा पगार, 100 ते 200 असतील तर त्याहून फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी, आणि 50 च्या आत असाल तरी महिना किमान 20 हजार. घाबरू नका. आरोग्य हा राज्याचा विषय, त्यामुळं दिल्लीहून राज्यांना आल्या त्या मार्गदर्शक सूचना. मार्गदर्शन घ्यायचंच असतं असं थोडंच आहे? फक्त ते पत्र कुठल्या फाइलीत आहे हे शोधायला जाऊ नका. शोधलं की सापडतं. आणि 2016 चे 20 हजार आज किती व्हायला हवेत, ही आकडेमोड महागाई भत्ता मिळणाऱ्यांनी करावी.

दुसरं काम प्रमाणाचं, म्हणजे किती खाटांमागे किती सिस्टर. भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक, आयसीयूत एका खाटेला एक, आणि वर रजेसाठी 30 टक्के राखीव. इथं एक छान पळवाट आहे. पाच खाटांमागे एक म्हणजे प्रत्येक पाळीत, की तिन्ही पाळ्या मिळून? हा प्रश्न कुणी विचारला तर मान हलवा आणि चहा मागवा. तो सुटला की तुमचा खर्च वाढला.

त्याहून धोक्याचं एक गणित आहे. ते तुमच्या अकाउंटंटला चुकूनही दाखवू नका. आठवड्याचे तास 168. एक माणूस काम करणार 48 तास. म्हणजे वॉर्डातली एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायची तर साडेतीन माणसं लागतात. त्यावर रजेचे 30 टक्के धरले की जवळपास साडेचार. आणि आपण एका जागेला नेमतो किती? दोन. उरलेली अडीच माणसं डबल ड्यूटी, रद्द झालेला वीकली ऑफ आणि ‘सिस्टर, आजच्या दिवस थांबा की’ या वाक्यातून काढायची. हे वाक्य फुकट असतं, त्यावर जीएसटीही नाही.

कुणी शिकलेला माणूस संशोधन घेऊन येईल. 2002 साली नर्सिंगवर संशोधन करणाऱ्या लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत, नर्समागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. तुम्ही म्हणायचं, ती अमेरिकेची माणसं, आपली पांढरा रस्सा पिऊन वाढलेली. मग तो सांगेल की 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांतही 7 टक्केच निघाले. तुम्ही म्हणा, तीही अशक्तच. कॅलिफोर्नियात 2004 पासून नर्सचं प्रमाण कायद्यानं पाळावं लागतं, एवढं सांगेपर्यंत त्याला लिफ्टपर्यंत पोचवा.

बिलात मात्र ‘नर्सिंग चार्जेस’ ठळक छापा. समजा खाटेमागे रोजचे 500, वीस खाटा भरलेल्या. महिन्याचे तीन लाख झाले. त्या वॉर्डात चार सिस्टर, प्रत्येकी 15 हजार धरले तर 60 हजार. मधले 2 लाख 40 हजार कुठं जातात असं विचारणारी सिस्टर अजून भेटलेली नाही, कारण बिल तिला कुणी दाखवत नाही. हॉस्पिटलचा कॉम्प्युटर विभाग एवढ्याचसाठी असतो.

कमी पडलेलं काम नातेवाइकांत वाटून द्या. गावाकडच्या पेशंटबरोबर आठ-दहा माणसं असतातच. सलाईनवर नजर ठेवायला मामा, लघवीचं माप लिहायला पुतण्या, रक्ताची बाटली लॅबला न्यायला जावई. जावयाला काम लावायची संधी इतरत्र कुठं मिळते सांगा! चुकलं काही, तर ‘ओ सिस्टर, बाटली संपली की!’ म्हणून ओरडा तिनंच खायचा.

वर्षातून एक दिवस मात्र खर्च करा. 12 मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. केक आणा, मेणबत्त्या द्या, शपथ घ्यायला लावा. बाईंचं चित्र लावताना हातात दिवा हवाच. हातात कागद चुकूनही नको. या बाई नुसत्या दिवा घेऊन फिरल्या असत्या तर बरं झालं असतं हो. त्यांनी क्रिमियन युद्धात मेलेले सैनिक मोजले, जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले हे 1858 मध्ये रंगीत आकृत्या काढून दाखवलं आणि सरकारच्या मागं लागल्या. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य. असं भाषणात आलं तर पोरी कागद-पेन्सिल घेऊन बसतील. ‘त्यागमूर्ती’ म्हणा, ‘देवदूत’ म्हणा. देवदूतांना पीएफ नसतो. 2020 च्या मार्चमध्ये थाळ्या वाजवल्या, मे महिन्यात हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. त्यातली एकही पाकळी पगाराच्या स्लिपवर उतरली नाही, हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवा.

तरीही एखादी मोजणारी निघतेच. कोणत्या पाळीत किती पेशंट, किती सिस्टर, किती जण पडले, किती जणांना पडून पडून जखमा, म्हणजे बेडसोअर झाले, वहीत लिहिते. आधी तिची मूळ प्रमाणपत्रं तुमच्या कपाटात आहेत ना बघा. मग सलग नाइट लावा. संघटनेचं नाव काढलं तर 2022 ची आठवण द्या. भरती बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी करू नका म्हणून तेव्हा सरकारी परिचारिकांना संपावर जावं लागलं होतं. सरकारच एजन्सीकडं निघालं, तर आपण कोण लागून गेलो?

हॉस्पिटल रुळलं की नर्सिंग कॉलेज काढा. त्याला 100 खाटांचं हॉस्पिटल लागतं, म्हणून दोन वह्या हव्यात. पगाराच्या वहीत 49, कॉलेजच्या वहीत 100. ती वहीवाली एव्हाना जर्मन शिकून गेलेली असेल. 2024 मध्ये आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जाऊ दे. तिचा फोटो मोठा करून दसरा चौकात फ्लेक्स लावा, ‘आमच्या संस्थेचा अभिमान’, खाली तुमचं नाव तिच्यापेक्षा दुप्पट अक्षरात. आणि नाइटला कोण, असं मेट्रननं विचारलं तर सेकंड इयरच्या मुली आहेतच की. त्यांना पगारही द्यावा लागत नाही, वर्षाची फी जूनमध्येच जमा झालेली असते.