‘घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून चिडले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तुमच्या चार आक्षेपांपैकी दोन माझ्या लेखातल्या खऱ्याखुऱ्या उणिवांवर बोट ठेवतात. प्रतिक्रियेच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी : वाय-फाय स्मार्ट प्लगमधलं कंपनीचं फर्मवेअर (चिपमध्ये बसवलेलं सॉफ्टवेअर) काढून त्या जागी टास्मोटा हे मुक्तस्रोत फर्मवेअर कसं घालायचं, ते मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, कंपनीचं ॲप नीट चालत असताना ही उठाठेव कशाला? कुणा अनोळखी हौशी मंडळींचा कोड कंपनीच्या कोडपेक्षा सुरक्षित कसा? मेन्सच्या, म्हणजे भिंतीतल्या, विजेवर चालणाऱ्या वस्तूचं झाकण उघडायला, तिचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र आणि वॉरंटी घालवायला लोकांना सांगणं हा बेजबाबदारपणा नाही का? आणि शेवटचं वाक्य, जे मला जास्त लागलं : “घर म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तुम्ही बाहेरगावी असताना दिवा लागला नाही तर घरच्यांनी काय करायचं?”

शेवटापासूनच सुरुवात करते, कारण हे माझ्याकडे झालेलं आहे.

मी प्रवासात होते. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, “अगं, बाहेरचे दिवे लागत नाहीत. प्लगवरचं बटण दाबतेय, काहीच होत नाही.” बटणाने तरी दिवे लागायलाच हवे होते, कारण टास्मोटात बटण थेट रिले (वीज जोडणारा-तोडणारा भाग) चालवतं, त्याला वाय-फायचीही गरज नसते. थोडी चौकशी केल्यावर कळलं की त्याआधी वीज काही सेकंदांच्या अंतराने सारखी जात-येत होती. मग डोक्यात प्रकाश पडला. टास्मोटामध्ये एक आपत्कालीन सोय आहे : दहा सेकंदांपेक्षा कमी अंतराने सहा वेळा वीज तोडून जोडली आणि सातव्यांदा प्लग चालू ठेवला, की तो सगळ्या सेटिंग पुसून कोऱ्या अवस्थेत जातो. वाय-फायचा पासवर्ड विसरलेल्या माणसासाठी केलेली सोय. आमच्या घरी ती विजेनेच वापरली.

कोरा झालेला प्लग स्वतःला सोनॉफ कंपनीचा मूळ स्विच समजतो. त्या स्विचचं बटण आणि रिले चिपच्या ज्या पिनांवर (जोडबिंदूंवर) असतात, त्या पिनांवर माझ्या प्लगचं काहीच नव्हतं. म्हणून बटण मेलेलं. सासूबाईंनी प्लग बाजूला काढून दिव्यांची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली आणि प्रश्न मिटवला. परत आल्यावर जतन केलेल्या बॅकअपमधून सेटिंग भरायला मला दोन मिनिटं लागली, पण फोनवरून ते सांगणं शक्य नव्हतं.

आता माझ्या सगळ्या प्लगांवर सेटऑप्शन६५ या सेटिंगची किंमत १ केली आहे, त्यामुळे ही सोय बंद होते. त्याचा तोटाही आहे. उद्या मी राउटरचं नाव बदलून ते प्लगला कळवायला विसरले, तर बटण चाळीस सेकंद दाबून धरून प्लग कोरा करावा लागेल, आणि बटण नसलेल्या उपकरणाचं झाकण उघडून वायरी लावण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. वीज सतत डळमळत असेल तिथे हा तोटा पत्करावा असं मला वाटतं. मूळ लेखात यातलं एक अक्षर नव्हतं. ही चूक माझी, आणि तुमच्या टोमण्यामुळे ती दुरुस्त झाली.

आता सुरक्षिततेकडे वळू. इथे तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

“अनोळखी हौशी मंडळी” हे पूर्ण खरं नाही. टास्मोटाचा कर्ता थिओ आरेंड्स उघडपणे आपल्या नावाने काम करतो. ‘टास्मोटा’ हे नावच ‘थिओ आरेंड्स सोनॉफ एमक्यूटीटी ओटीए’ याच्या आद्याक्षरांतून आलेलं आहे. कोड जीपीएल ३ परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. त्याचं भावंड म्हणावं असं ईएसपीहोम २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे. तरीही ‘कोड खुला आहे म्हणजे सुरक्षित आहे’ असं मी म्हणणार नाही. मी स्वतः तो सगळा वाचलेला नाही, आणि तुम्हीही वाचणार नाही.

टास्मोटाच्या कच्च्या बाजूही सांगून टाकते. नव्याने घातल्यावर त्याच्या वेब पानाला पासवर्ड नसतो. ते पान साध्या एचटीटीपीवर, म्हणजे सांकेतिक न केलेल्या जोडणीवर, चालतं. ईएसपी८२६६ या चिपची मेमरी इतकी तोकडी आहे की तिच्यासाठीच्या नेहमीच्या तयार फर्मवेअरमध्ये टीएलएस (निरोप सांकेतिक करायची सोय) नसतंच, त्यामुळे एमक्यूटीटी या पद्धतीने उपकरणांनी पाठवलेले निरोप घरातल्या नेटवर्कवर उघडेच फिरतात. वर सांगितलेला कोरा झालेला प्लग तर स्वतःचं बिनपासवर्डचं वाय-फाय सुरू करून बसतो. शेजारच्या कुणालाही त्यात शिरता आलं असतं. शिवाय याच चिपमध्ये फ्लॅश मेमरी (जिथे फर्मवेअर आणि सेटिंग साठतात) एन्क्रिप्ट करायची सोय नाही. प्लग टाकून देताना सेटिंग पुसली नाहीत, तर उचलणाऱ्याला तुमच्या वाय-फायचा पासवर्ड वाचता येतो.

मात्र हा शेवटचा दोष कंपनीच्या फर्मवेअरलाही तसाच लागू आहे. डिसेंबर २०१८ मध्ये लाइपझिगला झालेल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये मिखाएल श्टायगरवाल्ड यांनी तुया या चिनी कंपनीच्या व्यवस्थेवर चालणारे बल्ब उघडून नेमकं हेच दाखवलं होतं : पासवर्ड साध्या अक्षरांत साठवलेला, आणि नवं फर्मवेअर खरोखर कंपनीचंच आहे का याची धड तपासणी नाही. त्याच भोकातून ‘तुया-कन्व्हर्ट’ हे साधन जन्माला आलं. त्याने झाकण न उघडता, नुसत्या वाय-फायवरून प्लगमध्ये टास्मोटा घालता यायचं. आम्ही मंडळी त्यावर फार खूश होतो. ज्या दारातून आम्ही आत गेलो, त्याच दारातून चोरही गेला असता, हे तेव्हा कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. पुढे कंपनीने ते दार बुजवलं. योग्यच केलं.

मग टास्मोटात फायदा काय? एकच, पण माझ्या लेखी मोठा : त्याला इंटरनेट लागत नाही. माझ्या राउटरमध्ये या प्लगांना बाहेर जायची बंदी आहे, आणि तरी ते अगदी व्यवस्थित चालतात. कोडमध्ये भोक असलं तरी तिथवर पोचायला आधी माझ्या घरच्या नेटवर्कमध्ये शिरावं लागेल. क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, चालणाऱ्या प्लगला अशी बंदी घातली, तर त्याची बरीचशी कामं तिथेच थांबतात. एक मेख मात्र लक्षात ठेवा. या प्लगांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं, वेळ ते इंटरनेटवरून घेतात. सरसकट बंदी घातलीत तर वीज जाऊन आल्यावर टायमर चालणार नाहीत. घरातल्याच एखाद्या कायम चालू असणाऱ्या मशीनला वेळ सांगायचं काम द्यावं लागतं. मला हे समजायला आठवडा लागला होता.

‘ॲप नीट चालतंय ना, मग कशाला?’ आज चालतंय, हे खरं. रेव्हॉल्व्ह नावाचा हब (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारा डबा) विकत घेतलेल्यांचंही चालत होतं. नेस्ट या कंपनीने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. हब जागच्या जागी निकामी. इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये आगाऊ सूचना न देता बंद पडले. पुढे काही वापरकर्त्यांनीच कंपनी विकत घेऊन ते पुन्हा सुरू केले, पण असे वापरकर्ते प्रत्येक वेळी कुठून आणायचे? बेल्किननेही आपल्या बहुतेक वेमो उपकरणांची क्लाउड सेवा ३१ जानेवारी २०२६ पासून बंद होईल असं २०२५ मध्ये जाहीर केलं. यातल्या कुठल्याही उपकरणाचा रिले झिजला नव्हता. खोलीतला दिवा लावायला खंडापलीकडच्या सर्व्हरची संमती लागणं हाच मुळात उफराटा कारभार आहे.

झाकण उघडण्याबद्दलचा तुमचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. लेखात मी ‘काळजी घ्या’ एवढंच लिहून पुढे गेले. तेवढं पुरत नाही.

स्वस्त प्लगांमधला वीजपुरवठा बहुधा मेन्सपासून अलग केलेला नसतो. चिपवर ज्याला ‘ग्राउंड’ म्हणून आपण सिरीयल अडॅप्टरची (चिप लॅपटॉपला जोडणाऱ्या छोट्या जोडणीची) वायर लावतो, तो बिंदू प्लग भिंतीत असताना थेट मेन्सशी जोडलेला असू शकतो. वायर लावलेली असताना प्लग सॉकेटमध्ये खोचलात तर विजेचा झटका अडॅप्टरमार्गे लॅपटॉपपर्यंत आणि त्यावर ठेवलेल्या हातापर्यंत पोचतो. फ्लॅश करताना (चिपमध्ये नवं फर्मवेअर भरताना) लागणारी वीज अडॅप्टरमधून घ्यायची, तीही ३.३ व्होल्टच. अनेक अडॅप्टरवर ५ आणि ३.३ असा जंपर असतो, तो आधी तपासा. ५ वर राहिला तर चिप जळू शकते. प्लग झाकण बंद केल्याशिवाय भिंतीत जाणार नाही. याला अपवाद नाही, ‘फक्त एकदा बघते’ यालाही नाही.

तुम्ही प्रमाणपत्राचं लिहिलंत, तेही रास्त आहे. फर्मवेअर बदलल्याने रिले, तांब्याची पट्टी, प्लॅस्टिक बदलत नाही, हे माझं नेहमीचं उत्तर अर्धवट होतं. काही प्लगांमध्ये ठरावीक भाराच्या वर गेल्यावर रिले तोडायचं काम फर्मवेअरच करतं. ते पुसलंत की तो पहारेकरीही गेला. टास्मोटात तसा नियम स्वतः लिहावा लागतो, आणि तो लिहिण्याआधी वीजमापन जुळवून घ्यावं लागतं, कारण जुळवणी न केलेला प्लग आकडे चुकीचे दाखवू शकतो. पडद्याच्या मोटरचं आणखी नाजूक : वर नेणारा आणि खाली आणणारा असे दोन रिले एकाच वेळी लागले तर मोटर जळू शकते. ‘इंटरलॉक’ (एका वेळी एकच रिले लागू देणारी सेटिंग) लावायचं राहिलं तर फर्मवेअर तुम्हाला अडवणार नाही.

वॉरंटीबद्दल : ती गेली असंच धरून चालावं. पण टास्मोटा घालण्याआधी ईएसपीटूल या साधनाने मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवलीत (या प्लगांत ती बहुधा १ एमबीच असते), तर परतीची वाट उरते. मी पहिल्या तीन प्लगांच्या वेळी ती काढली नव्हती.

एक गोष्ट गेल्या काही वर्षांत बदलली, आणि लेखात ती यायला हवी होती. आज कुणी नवा प्लग घ्यायला निघालं तर मी फ्लॅश करायचा सल्ला देणार नाही. घरातल्या नेटवर्कवरच बोलणारी, क्लाउड बंद करता येणारी उपकरणं आता तयार मिळतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिली आवृत्ती आलेलं स्मार्ट उपकरणांचं मॅटर हे मानकही घरातल्या घरात बोलण्यावरच उभं आहे. फर्मवेअर बदलणं हा आधीच घरात असलेल्या, क्लाउडला बांधलेल्या वस्तू वाचवायचा मार्ग आहे.

राहता राहिले तुमचे सहा प्लग. त्यातला एक हीटरवर आहे असं तुम्ही लिहिलंत. त्याला हात लावू नका, आणि खरं तर हीटर त्या प्लगवरूनही काढा. उरलेल्या पाचांपैकी जे स्क्रूने बंद आहेत तेवढेच उघडा. चिकटवलेले फोडून उघडले तर पुन्हा नीट बसत नाहीत. आत वाय-फाय चिप बसवलेली एक छोटी पट्टी (मॉड्यूल) दिसेल, तिच्यावरचं नाव वाचा. ‘टीवायडब्ल्यूई’ने सुरू होत असेल तर आत बहुधा ईएसपी८२६६ च्या घराण्यातली चिप आहे, टास्मोटा चालेल. ‘डब्ल्यूबी’ किंवा ‘सीबी’ असेल तर चिप बहुधा बेकेन या कंपनीची आहे. एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या चिपा निघाल्याचं मी पाहिलंय, म्हणून एकावरून बाकीच्यांचा अंदाज करू नका. बेकेनवर टास्मोटा चालत नाही. तिथे ओपनबेकेन किंवा लिब्रेटायनीच्या आधारे ईएसपीहोम घालावं लागतं आणि त्याची रीत वेगळी आहे.

पाचही पट्ट्यांवरची नावं इथे लिहा. कुठल्या प्लगचं काय करता येईल ते मग एकेक करून सांगते.