"आधी सैन्य, उरलं तर शाळा-दवाखाने" हा मेसेज तुमच्याकडे पण आलाय का?

असले फॉरवर्ड मी न वाचता डिलीट करतो, पण हा माझ्या भाचीने पाठवला, "मामा, हे खरंय ना?" असं विचारून. म्हणून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: जे देश लोकांच्या जेवणावर, शाळांवर, औषधांवर पैसा घालवतात तिथली माणसं ऐतखाऊ होतात आणि वेळ आली की लढत नाहीत. सैन्यावरच्या खर्चातून रोजगार येतो, सोव्हिएत युनियन सैन्यामुळेच महासत्ता झालं, इंटरनेट सैन्यानेच दिलं, आणि कल्याणाच्या पैशाला गळती लागते तशी सैन्याच्या पैशाला लागत नाही.

ऐतखाऊवाला मुद्दा सगळ्यात घाणेरडा, म्हणून तोच आधी. अहो, भरतीला उभं राहायला आधी पोरगं धडधाकट लागतं! ब्रिटन दक्षिण आफ्रिकेत लढलं त्या बोअर युद्धाच्या वेळी (1899-1902) ब्रिटनमधल्या कामगार वस्त्यांतली पोरं भरतीत ढिगाने नापास झाली, अंगात ताकद नाही, दात किडलेले. सरकार हादरलं, कमिटी बसली, 1904 ला रिपोर्ट आला आणि 1906 ला शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला. अमेरिकेतही तेच. तिथल्या सक्तीच्या भरतीचे प्रमुख जनरल लुईस हर्शी यांनी 1945 मध्ये संसदेच्या समितीला सांगितलं की लहानपणी पोटाला नीट न मिळाल्यामुळे कितीतरी तरुण भरतीत बाद झाले. पुढच्याच वर्षी शालेय भोजनाचा कायदा आला आणि त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की हा राष्ट्रीय सुरक्षेचा उपाय आहे. म्हणजे पोरांना जेवू घाला हे सैन्यातला माणूसच सांगत होता, आणि हे मेसेजवाले त्यालाच उधळपट्टी म्हणतात. फिनलंड बघा, रशियाला लागून 1300 किलोमीटरच्या वर सीमा, 1948 पासून शाळेत सगळ्या मुलांना मोफत जेवण आणि पुरुषांना लष्करी सेवा आजही सक्तीची. कोण नेभळट झालं तिथे?

सैन्यावरच्या खर्चातून रोजगार येतो, पण तेवढाच पैसा शाळा आणि दवाखान्यांत घातला तर जास्त माणसांना काम मिळतं, कारण तिथे पैसा यंत्रांपेक्षा पगारात जातो. सोव्हिएत युनियनचं तर उदाहरणच उलटं आहे. 1991 ला ते फुटलं तेव्हा हजारो अण्वस्त्रं जागच्या जागी होती आणि दुकानांत माल नव्हता.

इंटरनेटचं मान्य, ज्यातून पुढे इंटरनेट आलं त्या अर्पानेट या संगणकांच्या जाळ्याला पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचाच होता. पण 1969 मधला पहिला संदेश गेला तो लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठातून. ते विद्यापीठच उभं नसतं तर पैसा देणार कोणाला होते?

आणि हो, शेजारी चढाई करणारा असेल तर शस्त्रं लागतातच, युक्रेनने 1994 मध्ये आश्वासनांवर अण्वस्त्रं सोडली आणि पुढे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. माझं भांडण सैन्याशी नाहीच, "उरलं तर" या दोन शब्दांशी आहे.

राहिली गळती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं पूर्ण ऑडिट 2018 पासून दरवर्षी होतंय आणि 2024 पर्यंत ते एकदाही पास झालेलं नाही. पुढच्या वेळी हा मेसेज ढकलणाऱ्याला एवढं एकच विचारा, शाळेच्या डब्याचा हिशोब मागतोस तसा याचा कधी मागितलास का?